गावातून कोण गेलं, कोणाबरोबर गेलं: मानवी तस्करी ओळखण्यासाठी आणि रोखण्यासाठी

दिवाळी सरली, भात-नागली घरात आली, की पेठ-सुरगाण्याकडून नाशिकच्या दिशेनं पिकअप गाड्या सुरू होतात. मागच्या हौद्यात माणसं, गोधड्यांची गाठोडी, एखादं पातेलं, मांडीवर लेकरू. द्राक्षबागांची कामं निघालेली असतात. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सकाळी पाय ठेवायला जागा नसते. एका हंगामात पेठ रस्त्यावर चहाच्या टपरीजवळ अशीच एक गाडी थांबली होती. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी खाली उतरून बाटलीत पाणी भरत होती. मी विचारलं, "कुठं चाललीस गं?" म्हणाली, "कामाला." "कोणत्या गावाला?" तिनं एकदा गाडीकडं बघितलं आणि म्हणाली, "मुकादमाला माहीत."

त्या गाडीत वावगं काही नव्हतं. मुलगी मावशीबरोबर निघाली होती आणि मुकादम त्यांच्याच पाड्यावरचा होता. पण तिचं उत्तर माझ्या डोक्यातून गेलं नाही. आपण कुठं चाललो, किती दिवसांसाठी, किती पैशांवर, हे सगळं दुसऱ्यालाच माहीत. तो दुसरा भला असेल तोवर ठीक. तो भला नसेल त्या दिवशी पोरगी कुठं शोधायची, हे गावात कुणालाच सांगता येणार नाही. हा लेख त्या दिवसाच्या तयारीसाठी आहे. सरपंच, अंगणवाडी सेविका, शिक्षक, बचतगटाच्या ताई, रिक्षावाले, मंडळाची पोरं, सगळ्यांनी तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आधी नेमकं काय ते समजून घ्या

तस्करी म्हटलं की तोंडावर रुमाल दाबून गाडीत कोंबलेलं लेकरू आपल्या डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ओळखीचा माणूस येतो. गावातली लग्न होऊन गेलेली बाई, दूरचा भाचा, इन्स्टाग्रामवर तीन महिने गोड बोलणारा मुलगा. तो काम देतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, लग्नाचं वचन देतो. माणूस बहुतेकदा स्वतःच्या पायानं जातो.

कायद्याची भाषा सोपी करून सांगते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 143 तीन गोष्टी बघतं. पहिली, माणसाला मिळवलं, नेलं, ठेवून घेतलं किंवा दुसऱ्याच्या ताब्यात दिलं का. दुसरी, त्यासाठी धाक, फसवणूक, जबरदस्ती, आमिष किंवा सत्तेचा गैरवापर झाला का. तिसरी, हेतू शोषणाचा होता का. शोषणात देहविक्रय येतो, गुलामगिरी आणि वेठ येते, भीक मागायला लावणं येतं, अवयव काढणंही येतं. ज्याच्या ताब्यात ते माणूस आहे त्याला पैसे देऊन त्याची संमती मिळवणं हासुद्धा याच कलमातला मार्ग आहे. म्हणजे बापाला पैसे देऊन पोर नेलं तरी तो गुन्हाच. आणि "ती स्वतःच्या मर्जीनं आली" हा बचाव चालत नाही, पीडित व्यक्तीची संमती इथं गैरलागू आहे. शिक्षा किमान 7 वर्षं सक्तमजुरीची, मूल असेल तर किमान 10 वर्षं आणि पुढं जन्मठेपेपर्यंत. या सगळ्याच्या मुळाशी संविधानाचं कलम 23 आहे, त्यानं माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्ही बंद केले.

हे आपल्या नाशिक जिल्ह्यात घडत नाही असं वाटत असेल तर 2022 आठवा. इगतपुरी तालुक्यातली कातकरी समाजाची लहान मुलं, एखादी मेंढी आणि थोडे पैसे आईबापाच्या हातावर ठेवून, शेजारच्या नगर जिल्ह्यात मेंढ्या वळायला नेली जात होती. दहा वर्षांची एक मुलगी मरणाच्या दारात घरी आणून टाकली आणि दवाखान्यात मरण पावली, तेव्हा हे उघडकीला आलं. तोवर कितीतरी घरांतली पोरं गेलेली होती आणि ती गेलीत हे शेजारपाजारच्यांना ठाऊक होतं. कुणालाही त्याला "तस्करी" म्हणावंसं वाटलं नव्हतं, कारण आईबाप गरीब होते आणि मेंढपाळ ओळखीचा होता.

एक फरक मात्र पक्का ध्यानात ठेवा. कामासाठी गाव सोडणं म्हणजे तस्करी नव्हे. उचल घेणंही लगेच गुन्हा होत नाही. सुरगाण्याचा माणूस पिंपळगावला बागेत जातो, नांदगाव-मालेगावकडची जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यावर घरं चालतात. काही गावं घाबरून मुलींना बाहेर कामाला पाठवायचं नाही, मोबाइल द्यायचा नाही असे ठराव करतात. माझ्या मते हा सर्वांत घातक उपाय आहे. मुलगी जायची ती जातेच, फक्त न सांगता जाते. आणि न सांगता गेलेल्या माणसाचा माग काढणं सगळ्यांत अवघड.

वही सुरू करा

सगळ्या उपायांत मला या एका साध्या वहीचा भरवसा जास्त आहे. शंभर पानी वही, ग्रामपंचायतीत किंवा अंगणवाडीत ठेवायची. शहरातल्या वस्तीत असाल तर बचतगटाकडं. गावातून कामाला, शिकायला किंवा लग्न होऊन बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची त्यात एक ओळ. नाव आणि वय. निघाल्याची तारीख. कोण घेऊन गेलं, त्याचं पूर्ण नाव, गाव, मोबाइल. गाडीचा नंबर. कोणत्या गावात, कोणत्या शेतकऱ्याकडं, भट्टीवर किंवा कारखान्यात. उचल किती घेतली, मजुरी काय ठरली, परत कधी येणार. बरोबरची लहान मुलं किती, त्यांची नावं काय.

मुकादमाच्या आधार कार्डाचा फोटो काढून ठेवा. चांगला मुकादम याला नाही म्हणत नाही, त्याचंही त्यात भलं असतं, कारण पुढं भांडण झालं तर ठरलेली उचल लिहिलेली असते. जो कांकू करतो, "एवढा अविश्वास कशाला" म्हणून चिडतो, त्याची गाडी थांबवून दोन प्रश्न जास्त विचारा.

लोक सुरुवातीला नावं सांगत नाहीत. पोलिसांची वही आहे, रेशन बंद होईल, असं वाटतं. म्हणून ती गावातल्याच बाईच्या हातात असावी आणि ती कुणाला दाखवायची, कुणाला नाही, हे ग्रामसभेत ठरलेलं असावं. गेलेल्या मुलींची यादी नको त्या हाती पडली तर तीच दलालाच्या उपयोगाला येईल.

जाणाऱ्यांबरोबर आणखी दोन गोष्टी ठरवा. एक, दर आठवड्याला ठरलेल्या वारी फोन. दोन, एक खुणेचा शब्द. फोनवर शेजारी कुणी उभं असेल आणि मोकळं बोलता येत नसेल तर मुलीनं सहज विचारायचं, "कपिला गाय व्याली का?" घरात कपिला नावाची गायच नसते. घरच्यांनी ओळखायचं. हे पोरखेळासारखं वाटेल, पण ज्यांच्या हातून फोन काढून घेतला जातो त्यांना शेवटचं एक वाक्य बोलायला मिळतं, ते वाया जाऊ नये. आणि घरच्यांचा निदान एक नंबर पाठ असावा. आजकाल कुणालाच नंबर पाठ नसतो.

ही जबाबदारी कुणाची, असा प्रश्न येतो. गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष. बऱ्याच गावांत ती फळ्यावरच्या नावांपुरती उरलेली दिसते. ग्रामसभेत तिची बैठक मागा आणि ही वही तिच्या कामात धरा. ग्रामसेवक हे गावचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारीसुद्धा आहेत. परराज्यातून किंवा लांबच्या जिल्ह्यातून पाहुणे येतात, हुंडा मागत नाहीत, उलट लग्नाचा सगळा खर्च करतात, चार दिवसांत लग्न उरकायची घाई करतात, तेव्हा ग्रामसेवकांनाच आधी कळवायचं. मुलीच्या बापाला पैसे देऊन झालेलं लग्न हा अनेकदा व्यवहार असतो आणि नवरी मुलगी पुढं कुणाच्या घरात राहते हे माहेराला कळतही नाही.

कामाची ऑफर आली की

शहरातल्या शिकलेल्या पोरांनी हे जास्त नीट वाचावं. थायलंडला डेटा एंट्रीचं काम, पगार डॉलरमध्ये, तिकीट कंपनीचं, अशी ऑफर टेलिग्रामवर येते. बँकॉकला उतरल्यावर गाडीनं सीमेपलीकडं म्यानमारमध्ये नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवतात. नाही म्हटलं तर मारहाण, विजेचे शॉक. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत पाचशेहून जास्त भारतीय तिथून परत आणले. कंबोडिया आणि लाओसमध्येही हाच प्रकार चालतो.

परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर असावी लागते. तिथं नाव आणि नोंदणी क्रमांक टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. दोन लाख मागणारा एजंट तिथंच उघडा पडतो. आणि नोकरीला टुरिस्ट व्हिसावर जायला सांगितलं तर जायचं नाही. "तिकडं गेल्यावर बदलून देतो" हे वाक्य मी फसलेल्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं तरी पोटात गोळा येतो.

देशातल्या कामाचं तेवढं सोपं नाही, कारण तपासायला संकेतस्थळ नाही. तिथं एकच करा. ब्यूटी पार्लर, केटरिंग, घरकाम, ऑर्केस्ट्रा, काहीही असो, जागेचा पत्ता घ्या आणि आधी घरातल्या मोठ्या माणसानं एकदा प्रत्यक्ष जाऊन बघावं. पत्ता देत नसतील तर काम नाही असं समजावं.

कुणी हरवलं तर पहिले काही तास

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या बहुतेक घरच्यांच्याच हातून होतात. मुलगी संध्याकाळी घरी आली नाही की आधी नातेवाइकांकडं फोन, मग देवऋषी, मग "बभ्रा होईल" म्हणून दोन दिवस गप्प. एका आईनं मला सांगितलं होतं, "ताई, मी दार लावून रडत बसले, शेजारणीला ताप आलाय म्हणाले." त्या दोन दिवसांत नाशिकरोडहून गाडी पकडलेलं माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचतं.

चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही. लगेच ठाण्यात जा. हरवलेली व्यक्ती 18 वर्षांखालची असेल तर नुसती "मिसिंग" लिहून घेऊन परत यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये सांगितलं आहे की मूल हरवल्याची तक्रार अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच हाताळायची आणि गुन्हा नोंदवायचा. म्हणून शब्द नेमका वापरा: "अपहरणाचा एफआयआर नोंदवा." वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद बरोबर न्या. तो नसेल तर तोंडी वय सांगूनही फिर्याद द्या, कागद मागाहून देता येतो.

आमच्याकडं हद्दीचा घोळ मोठा. शहर आयुक्तालय वेगळं, ग्रामीण पोलीस वेगळे, आणि मनमाड किंवा नाशिकरोड स्थानकावर घडलं असेल तर लोहमार्ग पोलीस वेगळे. एका कुटुंबाबरोबर मी एका दिवसात तीन ठाणी पालथी घातली आहेत, प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, "आमच्या हद्दीत येत नाही." बाप बाहेरच्या बाकावर बसून पायातल्या चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीनं बांधत होता, हे अजून दिसतं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तो नोंदवून घ्यावाच लागतो. याला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नाहीच घेतला तर तीच तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवा, पोच ठेवा, पुढं न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं.

ठाण्यात जाताना अलीकडचा फोटो, अंगावरच्या कपड्यांचं वर्णन, मोबाइल नंबर, सोशल मीडियावरच्या खात्याचं नाव, शेवटचा फोन कुणाचा होता, घरातून कागदपत्रं-दागिने गेलेत का, एवढं एका कागदावर लिहून न्या. तिचं दप्तर, वह्या, जुना फोन चाळू नका, आहे तसं पोलिसांना दाखवा. नाशिकच्या ठक्कर बाजार, महामार्ग किंवा निमाणी बसस्थानकावर गेल्याचा संशय असेल तर तिथलं सीसीटीव्ही राखून ठेवायला पोलिसांना त्याच दिवशी पत्र द्यायला सांगा, चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. एसटी आणि रेल्वेच्या वेळा बघून तर्क लावण्यापेक्षा रेल्वेच्या 139 वर फोन करा. पुढच्या स्थानकावर रेल्वे सुरक्षा दल गाडी तपासू शकतं.

फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवण्याआधी तपास करणाऱ्या अंमलदाराला विचारा आणि त्याखाली बापाचा नंबर टाकू नका. "तुमची मुलगी आमच्याकडं आहे, पैसे पाठवा" असे खोटे फोन येतात आणि घायकुतीला आलेले आईबाप पैसे पाठवतात. संपर्कासाठी ठाण्याचाच नंबर द्यावा. चार महिने होऊनही मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडं जायला हवा. चार महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी अर्ज घेऊन जा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. "पळून गेली" हे दोन शब्द ठाण्यातही ऐकू येतात आणि घरातही. सोळा वर्षांची मुलगी आवडीनं गेली असेल, म्हणून तिचा धोका कमी होत नाही. प्रेमाचं नाटक करून नेणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे.

संशय आला तर काय करावं, काय करू नये

मे 2023 मध्ये बिहारहून सांगलीकडं मदरशात शिकायला निघालेली 59 मुलं भुसावळ आणि मनमाडला रेल्वेतून उतरवली गेली. बरोबरच्या पाच जणांवर तस्करीचा गुन्हा दाखल झाला, ते सुमारे महिनाभर तुरुंगात राहिले. मुलं बारा दिवस नाशिक आणि भुसावळच्या बालगृहांत होती. पुढं 2024 मध्ये पोलिसांनीच गुन्हा गैरसमजातून नोंदवल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. त्याआधी जुलै 2018 मध्ये मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबाला जमावानं घेरलं, पोलिसांनी वाचवलं म्हणून ते जगले.

म्हणून माझं सांगणं असं की बघायचं ते वागणं बघा. भाषा, टोपी, फाटके कपडे किंवा जात बघू नका. मूल बरोबरच्या मोठ्या माणसाचं नाव सांगू शकत नाही, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दुसराच देतो, तरुण मुलीचा फोन आणि आधार कार्ड दुसऱ्याच्या खिशात आहे, मूल गुंगीत असल्यासारखं दिसतं: यातल्या एका खुणेवर निवाडा करू नका, पण फोन जरूर करा. मुलासाठी 1098, बाईसाठी 181, तातडीला 112. तिन्ही मोफत. गाडीचा नंबर, डब्याचा क्रमांक, जागा, दिशा, कपड्यांचा रंग सांगा. आपण स्वतः अडवायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही, चार पोरं गोळा करायची नाहीत. खरोखर तस्कर असेल तर तो सावध होऊन माणूस दुसरीकडं हलवतो. तस्कर नसेल तर आपल्या हातून काय घडू शकतं ते राईनपाड्यानं दाखवलं आहे.

2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडावर गर्दीत मुलं चुकतील, शेकड्यांनी. प्रत्येक चुकलेल्या मुलाभोवती अफवा तयार होईल. लहान मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, आणि एकटं मूल दिसलं तर त्याला घरी नेऊ नका, तिथल्याच पोलीस चौकीत पोचवा. बालन्याय कायद्याप्रमाणे सापडलेलं मूल 24 तासांत बाल कल्याण समितीपुढं न्यायला लागतं.

कामावर अडकलेल्यांना सोडवताना

वीटभट्टीवर, उसाच्या फडात, फार्महाऊसवर माणूस अडकला असेल आणि "उचल फिटल्याशिवाय सोडणार नाही" असं सांगितलं जात असेल, तर ती वेठबिगारी आहे. 1976 च्या कायद्यानं असं कर्ज रद्दच होतं, फेडायचं नसतं. इथं पोलिसांबरोबर प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या. चौकशी होऊन मुक्ती प्रमाणपत्र मिळालं पाहिजे. हा एक कागद विसरला तर माणूस घरी येतो, पण हाती काही लागत नाही आणि पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडं परत जातो. प्रमाणपत्र असेल तर केंद्राच्या योजनेतून पुरुषाला 1 लाख, स्त्री किंवा मुलाला 2 लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकारात 3 लाख रुपये पुनर्वसनासाठी मिळतात. त्याशिवाय 30,000 रुपयांपर्यंत तातडीची मदत आहे, ती खटल्याच्या निकालासाठी अडत नाही. आदिवासी किंवा दलित कुटुंब असेल तर अॅट्रॉसिटीची कलमं लावली का तेही बघा. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन 15100, तोही मोफत.

परत आल्यावर

तिचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला असेल तर तो त्याच तासाला काढायला लावा. अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, मग ती "सापडली, देवाचे आभार" अशा संदेशातून का असेना. तिला पुन्हा पुन्हा हकीकत सांगायला लावू नका. जबाब एकदा पोलिसांपुढं, एकदा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं होतो, तेवढंच पुरे. बायका भेटायला येतात, पदर डोळ्याला लावतात आणि विचारतात, "काय काय केलं गं तुला?" दारात उभं राहून अशांना परत पाठवणारी एक खमकी शेजारीण प्रत्येक वस्तीत हवी. शाळेत परत नाव घालताना मुख्याध्यापकांना नुसतं "बरी नव्हती" एवढं सांगितलं तरी चालतं.

आणि जूनमध्ये शाळा उघडली की वही घेऊन शाळेत जा. आईबापांबरोबर गेलेल्या प्रत्येक मुलाचं नाव हजेरीपटाशी ताडून बघा. जे नाव वहीत आहे आणि वर्गात नाही, त्याच्या ओळीतला मुकादमाचा नंबर त्याच दिवशी फिरवा.